तिच्या वतीने

४ सप्टेंबर

मिळाली एकदाची! नर्सिंगच्या पीएचडीला आपल्या लोकांतली पहिली विद्यार्थिनी, आणि तिची गाइड मी. इतकी वर्षं कॉलेजच्या भिंतीवर डोकं आपटत होते. भिंत काही हलली नव्हती, डोकं मात्र टणक झालं होतं.

योजना माझीच. आपल्यासारख्या छोट्या समाजातून, घरात वेगळी भाषा बोलणाऱ्या कुटुंबांतून नर्स पुष्कळ येतात. वॉर्डात मरमर राबतात. संशोधनाचं नाव काढलं की मात्र सगळ्यांना त्यांचे उच्चार खटकायला लागतात. म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या जागा, आणि गाइड त्यांच्याच समाजातला. शिवाय एक नियम मी भांडून घालून घेतला: विद्यार्थिनीने काही मागायला किंवा सांगायला समितीपुढे एकटीने जायचं नाही, तिच्या वतीने गाइडने बोलायचं. माझे दिवस मी विसरलेले नाही. माझे गाइड मोठे विद्वान गृहस्थ, पण त्यांना माझं नाव शेवटपर्यंत धड घेता आलं नाही. समितीपुढे मी एकटी उभी, आणि समोरचे सगळे घड्याळाकडे बघतायत. ती वेळ आपल्या पोरीबाळींवर येऊ नये.

डीन साहेब म्हणाले, "बघू या मॅडम. ही पहिली पार पडली तर पुढच्या घेऊ. नाही पडली तर योजनेचा फेरविचार करावा लागेल." बोलणं असं गोड, की कडू गोळी पोटात गेल्यावरच कळते. म्हणजे आता सगळी भिस्त त्या एका पोरीवर.

पोरगी म्हणायची, पण तिशी कधीच ओलांडलेली आहे. नोकरी सांभाळून शिकणार आहे. काटकुळी, अंबाड्यात पेन्सिल खुपसलेली. मी मनातल्या मनात तिचं नाव पेन्सिल ठेवून टाकलं. तिला म्हटलं, कॉलेजात मॅडम, घरी मावशी. ती लाजून हसली.

आमच्या ह्यांना घरी येऊन सांगितलं. हे निवृत्त अँब्युलन्स ड्रायव्हर, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत आधी रस्ता मोकळा आहे का ते बघतात. म्हणाले, "आता तुला दिवसभर बोलायला कुणीतरी मिळालं. माझी सुटका." आनंदाने आज जेवणसुद्धा गेलं नाही.

१४ सप्टेंबर

पेन्सिल आज घरी आली. जेवणाच्या टेबलावर तिचा आराखडा पसरून बसलो. विषय तिनेच शोधलाय, आणि मी पैजेवर सांगते, हा विषय त्यांच्यापैकी कुणाला दहा जन्मांत सुचला नसता.

वॉर्डात आपल्या भाषेचा पेशंट आला की आपल्या नर्सला बोलावतात. हातातलं काम टाकून जा, पेशंट काय म्हणतोय ते डॉक्टरांना सांगा, डॉक्टर काय म्हणतायत ते पेशंटला सांगा. पगार नर्सचा, काम दुभाष्याचंही. परत येईतो आपल्या पेशंटच्या औषधाची वेळ टळलेली, आणि बोलणी खायला आपण. पेन्सिल म्हणाली, "मावशी, मी इंजेक्शन भरत होते, सिरिंज हातात होती. मेट्रननी दंडाला धरून नेलं हो मला दुसऱ्या मजल्यावर." सांगताना तिचे कान लाल झाले.

मी म्हटलं, हे सगळं खरं आहे, पण यातला राग काढ. राग आपल्याला परवडत नाही. तिने लिहिलं होतं, "नर्सना ओढून नेलं जातं." मी तिथे केलं, "नर्सना विनंती केली जाते." तिने बराच वेळ त्या वाक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पण विनंती कुणी केली नव्हती." मी म्हटलं, "अगं, वाचणाऱ्याच्या पोटात जायला हवं ना आधी? कडू औषध साखरेतून द्यायचं. हे काय मी तुला शिकवायचं?"

पटलं तिला. म्हणजे गप्प बसली. हुशार आहे, दोनदा सांगावं लागत नाही.

९ ऑक्टोबर

आज समितीपुढे आराखडा होता. आठवडाभर तिच्याकडून तालीम करून घेतली होती. कोण काय विचारेल, कोण नाक कसं मुरडेल, सगळं सांगून ठेवलं होतं. "मला माहीत नाही" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, हेही बजावलं होतं. त्यांच्यातल्या कुणी म्हटलं तर तो प्रामाणिकपणा असतो, आपण म्हटलं तर अडाणीपणा.

तिच्या शेजारीच खुर्ची घेऊन बसले. संख्याशास्त्राचे एक सर आहेत समितीवर, कोपराला चामड्याचं ठिगळ लावलेला कोट घालतात. त्यांना सगळे आकडेवाले सर म्हणतात. त्यांनी विचारलं, "इतक्याच मुलाखती का? आणि नर्स खरं सांगतायत की तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगतायत, हे कसं ठरवणार?" पेन्सिलने डोळे मिटले. तिची ती सवयच आहे, विचार करताना डोळे मिटते. पण समोरच्यांना काय कळणार? डीन साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. मी उत्तर देऊन टाकलं. चांगलं दिलं, स्वतःची पाठ थोपटत नाही, पण चांगलं दिलं. मग पुढच्या प्रश्नांना मीच तोंड दिलं, कारण लय लागली होती. आराखडा मंजूर!

बाहेर आल्यावर ती पाणी पीत उभी राहिली. ग्लास संपला तरी तोंडाला लावलेलाच होता. म्हणाली, "मला येत होतं उत्तर, मावशी."

"येत होतं गं, पण वेळ लागत होता. ते थांबत नाहीत आपल्यासाठी."

"ते सर थांबले होते," ती म्हणाली. असेल. माझं लक्ष डीन साहेबांकडे होतं.

१० ऑक्टोबर

काल घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मग पीएचडी तुला मिळणार की तिला?" चेष्टा कधी करावी याचा काही पोच नाही या माणसाला. आज दिवसभर मी ह्यांच्याशी बोलले नाही.

२२ नोव्हेंबर

आज पेन्सिलने दोन मुलाखती ऐकवल्या. अजून डोळे पुसतेय.

एक मुलाखत आपल्यातल्या नर्सची. तिच्या वॉर्डात आपल्यातलीच एक बाई होती. गर्भाशय काढायचं ठरलं होतं, नवऱ्याने होकार देऊन टाकला होता. ऑपरेशनच्या सकाळी बाईने आपल्या भाषेत सांगितलं, "मला हे नकोय. माझं कुणी ऐकून घेतलेलं नाही. त्यांना सांग." डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतायत? नर्स म्हणाली, "जरा घाबरल्यात. धीर द्या." मुलाखतीत ती नर्स सांगते, "मी तिच्या भल्यासाठीच बोलले. तिने नको म्हटलं असतं तर ते चिडले असते, घरी पाठवलं असतं, पुन्हा दारात उभं केलं नसतं. हे लोक कसे आहेत ते मला माहीत आहे, तिला नाही." ऑपरेशन झालं.

दुसरी मुलाखत त्या बाईचीच, कितीतरी महिन्यांनंतरची. पेन्सिलने तिला विचारलं, तुम्ही परत का नाही सांगितलंत? बाई म्हणाली, "कसं सांगणार? ती आपल्यातली होती. तिने मला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. परकी असती तर भांडले असते तिच्याशी."

केवढं मोठं सापडलंय या पोरीला! आणि त्या नर्सला दोष तरी कसा द्यायचा? तिला वाटलं, आपण सांभाळतोय. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पेशंट, मध्ये बिचारी ही. मी पेन्सिलला सांगितलं, प्रकरणाची सुरुवात त्या पाठीवर फिरवलेल्या हातापासून कर, वाचणाऱ्याला मायेचा ओलावा लागू दे.

"मला ‘नको’पासून सुरुवात करायची होती," ती म्हणाली.

"ते शेवटी येऊ दे. पहिल्याच ओळीत ‘नको’ आलं तर समिती पुढचं वाचायची नाही."

तिने डोळे मिटले. मी तिच्यासाठी चहा ठेवायला उठले, कारण थकलेली दिसत होती. परत आले तोवर तिने कागद आवरले होते.

१८ डिसेंबर

पेन्सिल आली नाही. मागच्या आठवड्यातही आली नव्हती. फोन केला तर म्हणते, ड्यूटी बदललीये. आवाज लांबून आल्यासारखा. प्रकरणाची तारीख डोक्यावर आलीये आणि हिच्याकडून एक पान नाही.

मी काय करू? रागवावं तर कोमेजेल, न रागवावं तर बुडेल. आणि बुडाली तर ती एकटी बुडणार नाही, मागे रांगेत उभ्या आहेत त्या सगळ्या बुडतील. हे तिला सांगितलंही मी. वाटलं होतं, ऐकून तिला जोर येईल.

५ जानेवारी

डबा घेऊन तिच्या घरी गेले. थोरल्या भावाकडे राहते. भाऊ कामावर गेला होता, वहिनीने दार उघडलं. स्वयंपाकघराला लागून तिची छोटी खोली आहे. गणवेश वाळत घातलेला, टेबलावर कागदांचा गठ्ठा आणि त्यावर धुतलेले मोजे. मोज्यांवरूनच कळलं, गठ्ठ्याला बरेच दिवस हात लागलेला नाही.

वहिनी हळूच म्हणाली, "आधी किती बडबडायची हो! जेवताना एकेकीची गोष्ट सांगायची. ते डॉक्टर कसे बोलतात त्याची नक्कल करायची, आम्ही हसून लोळायचो. आता विचारलं तर म्हणते, मावशींना सगळं माहीत आहे."

ऐकून माझं मन भरून आलं. केवढा विश्वास आहे पोरीचा.

पेन्सिल झोपून उठली होती. डोळ्यांखाली काळं, मनगटाची हाडं वर आलेली. सवयीने तिची नाडी बघितली. तिने हात काढून घेतला नाही, पण माझ्या हातात तो असा निर्जीव पडून होता की मीच सोडला. मी म्हटलं, "तू विश्रांती घे. मुलाखती दे माझ्याकडे, मी जरा प्रकरणाचा सांगाडा उभा करून देते."

"नको मावशी," ती म्हणाली.

"संकोच कसला करतेस? आपल्यात काय असं?" मी गठ्ठा पिशवीत भरला. मोजे घडी करून पलंगावर ठेवले.

१६ जानेवारी

प्रकरण झालं. सांगाडा म्हणून बसले आणि हाडामांसासकट उभंच राहिलं. पेशंटला गिळता येत नसेल तर नळीने अन्न द्यावंच लागतं, त्याला आधी आवड विचारत बसत नाहीत. मान आखडलीये, पण समाधान आहे. हे दारातून डोकावून म्हणाले, "जेवणार आहेस का तुलाही नळी लावू?"

२० जानेवारी

पेन्सिलने प्रकरण माझ्यासमोर बसून वाचलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. वाचून झाल्यावर म्हणाली, "छान झालंय."

"तुझंच आहे गं. मी फक्त हात फिरवला."

"हो," ती म्हणाली. मग बराच वेळ शेवटचं पान बोटांनी सरळ करत बसली, खरं तर ते चुरगळलेलं नव्हतंच.

समितीने वाखाणलं. डीन साहेब म्हणाले, भाषा किती संयत आहे. मी तिच्याकडे बघितलं, ती खिडकीबाहेर बघत होती. शाबासकीसुद्धा घेता येत नाही आपल्या पोरींना. हे शिकवायला हवं तिला.

२ मार्च

काय लिहू आणि कसं लिहू?

दुपारी पेन्सिल आली. बस म्हटलं तर बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्यानेच म्हणाली, "मावशी, मला गाइड बदलून हवेत."

मला वाटलं, गंमत करतेय.

"आकडेवाल्या सरांशी बोलले मी. त्यांच्याकडे विद्यार्थ्याची एक जागा रिकामी आहे. तयार आहेत ते. समितीने परवानगी दिली तर बाहेरचा गाइड चालतो, म्हणाले."

"त्यांना आपलं काय कळतं?" माझा आवाज चढला. "आपल्या बायका काय सोसतात ते कळतं? आपल्या भाषेतला एक शब्द तरी येतो त्यांना?"

"नाही. काहीच कळत नाही त्यांना." ती शांत होती, त्याचाच मला जास्त राग आला. "म्हणून मला सगळं सांगावं लागतं. सांगता सांगता मला कळत जातं. तुम्हाला मी सांगायच्या आधीच सगळं कळलेलं असतं."

मी म्हटलं, मग हा माझा गुन्हा झाला का? म्हटलं, मी तुझ्यासाठी हाडाची काडं केली. म्हटलं, तुझी सख्खी मावशीसुद्धा इतकं करणार नाही. आणखी काय काय बोलले, आठवायची इच्छा नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला सोडायचं नाहीये, मावशी. मला हे पूर्ण करायचंय. पण तुमच्याजवळ बसलं की माझं तोंड उघडत नाही. पुढच्या बैठकीत तुम्ही सांगाल ना? नियमाप्रमाणे मला स्वतः जाता येत नाही."

नियम माझाच. आपलेच दात, आपलेच ओठ.

"सांगेन," मी म्हटलं.

तिने खाली वाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गेली तेव्हा चप्पल घालायला तिला वेळ लागला, आणि मी दारापर्यंत गेले नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कृतघ्न! सोड तिला." हे नेहमी माझीच बाजू घेतात. आज ते बरं वाटलं नाही.

११ मार्च

उद्या बैठक. वाक्य तयार करून ठेवलंय: "विद्यार्थिनीला मार्गदर्शक बदलून हवे आहेत." साधं सरळ आहे. आरशासमोर म्हणून बघितलं, नीट येतं.

१२ मार्च

बैठकीत तिचा विषय शेवटी आला. डीन साहेबांनी विचारलं, "आपली पहिली विद्यार्थिनी काय म्हणतेय?" समोर आकडेवाले सर माझ्याकडेच बघत होते. गाइडने काढल्याशिवाय विषय निघत नाही, त्यामुळे ते बोलू शकत नव्हते. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात डीन साहेब हसून म्हणाले, "तुमचं जमतंय ना? काय आहे, काही सदस्य म्हणतात की आपल्याच माणसांशी पटत नसेल तर या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीच खोली, तेच लांब टेबल, त्याच खुर्च्या.

मला सगळं पुढचं दिसलं. आता हे ऐकतील. मान डोलावतील. म्हणतील, बघा, आम्ही म्हणतच होतो. तिच्या नावावर काट मारतील, मग योजनेवर. तिला हे लोक कसे आहेत ते माहीत नाही. मला माहीत आहे.

मी म्हटलं, "जरा थकलीये. नोकरी, अभ्यास, तब्येत. काही महिन्यांची रजा दिलीत तर बरं होईल."

सगळ्यांना केवढं बरं वाटलं! डीन साहेब म्हणाले, "अवश्य, अवश्य. तब्येत आधी." रजा मंजूर झाली. आकडेवाले सर काहीतरी लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मी तिला वाचवलं. रजा संपेल, राग उतरेल, शांतपणे येईल तेव्हा बघू काय करायचं ते. जेवण अर्धं टाकून उठले, पण ते दिवसभराच्या दगदगीने असेल.

२० मार्च

पेन्सिल फोन उचलत नाही.

२३ मार्च

वहिनीने उचलला. म्हणाली, रजेचं पत्र आलं, ते तिने वाचलं आणि विचारलं, "ही रजा कुणी मागितली?" मग वॉर्डात निघून गेली.

मी म्हटलं, तिला सांग मावशीने फोन केला होता. वहिनी म्हणाली, "सांगते हं." तिच्या आवाजात मला काहीतरी वेगळं वाटलं, की माझ्याच मनाचे खेळ?

४ एप्रिल

आकडेवाले सर माझ्या खोलीत आले. दारातच उभे राहिले, कोपराचं ठिगळ चाचपत. म्हणाले, "मॅडम, त्या माझ्याकडे येणार होत्या. तुम्ही बैठकीत काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं त्यांचा विचार बदलला असेल. मी ती जागा दुसऱ्या एकाला दिली."

मी म्हटलं, "परत घेता येईल का?"

"त्याने सामान हलवलंय इकडे." ते जायला वळले आणि थांबले. "त्यांची ती डोळे मिटून विचार करण्याची पद्धत मला आवडायची. उत्तर उशिरा यायचं, पण यायचं."



७ एप्रिल

डीन साहेबांकडे गेले. म्हटलं, रजा रद्द करा, तिने मागितली नव्हती. तिला गाइड बदलून हवे होते, मी चुकीचं सांगितलं. ते म्हणाले, "चुकीचं कसलं मॅडम, तुम्ही आईच्या मायेने केलंत. आणि रजेवर असताना बदल करता येत नाही, नियम तुमच्यासमोरच झालेत." मी म्हटलं, मी लेखी देते की चूक माझी आहे. ते म्हणाले, "स्वतःला इतका त्रास करून घेऊ नका." चहा मागवला माझ्यासाठी. मी ओरडले असते तरी त्यांनी बिस्किटंच मागवली असती.

चहा पिऊन आले. दुसरं काय करणार होते?

२६ एप्रिल

तिचं पत्र आलं, कॉलेजला. अभ्यासक्रम सोडत आहे. कारण लिहिलेलं नाही. कार्यालयातल्या कारकुनाने विचारलं, कारणाची जागा मोकळी ठेवता येत नाही, काय घालू? मी म्हटलं, मला विचारू नका. त्याने "कौटुंबिक" घातलं. योजना "विचाराधीन" झाली आहे. पुढच्या वर्षासाठी ज्या दोघींनी विचारलं होतं त्यांना मीच कळवायचंय.

हे म्हणतात, "झालं गेलं विसर. तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस." हेच तर मी रोज स्वतःला सांगते. मग झोप का लागत नाही?

१९ मे

आज राहवलं नाही. तिच्या हॉस्पिटलात गेले.

जन्म असल्या वॉर्डांत गेला, पण आज पाहुण्यासारखी दाराशी उभी राहिले. सकाळची धांदल, औषधाची ट्रॉली अर्ध्या वाटेत सोडलेली. ट्रॉली पेन्सिलचीच असणार, कारण ती स्वतः कोपऱ्यातल्या पलंगाशी होती. तिला बोलावून नेलं होतं. आपल्यातले एक म्हातारबाबा, पाय पट्टीत, आणि त्यांच्यापुढे तरुण डॉक्टर.

म्हातारबाबा आपल्या भाषेत तावातावाने म्हणाले, "याला सांग, माझ्याकडे बघून बोल. काल आल्यापासून हा माझ्या पायाशी बोलतोय. मी गुरं राखलीयेत, गुरांशीसुद्धा तोंडाकडे बघून बोलतात."

डॉक्टर म्हणाला, "काय म्हणतायत, सिस्टर? दुखतंय का?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. जरा अस्वस्थ आहेत, डॉक्टर. पेन्सिलने डोळे मिटले, उघडले, आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. गुरांसकट. डॉक्टरचा चेहरा पडला. मला वाटलं, आता भडकणार, आता तिची तक्रार होणार.  तो स्टूल ओढून बसला, म्हातारबाबांच्या समोर. पुढे काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

ट्रॉलीकडे परत येताना तिला मी दिसले. दचकली नाही. "मावशी," म्हणाली आणि औषधांच्या वाट्या लावायला लागली. तब्येत जरा सुधारली आहे. की मलाच तसं बघायचं होतं, कोण जाणे.

मी म्हटलं, "मी डीन साहेबांकडे गेले होते. सगळं सांगितलं." तिने मान हलवली. मी म्हटलं, "त्या मुलाखती, ती बाई, ते वाया जाऊ देऊ नकोस. मी तुझ्या वाटेत येणार नाही. मी गाइड नको, कुणीच नको. दुसऱ्या कॉलेजात बोलते, तिथे माझ्या ओळखीच्या..."

ती थांबून माझ्याकडे बघत राहिली आणि माझं बोलणं आपोआप बंद पडलं. मग मी एवढंच विचारलं, "परत येशील?"

"नाही," ती म्हणाली.

मी वाट पाहिली. काहीतरी पुढे येईल, कारण, निदान राग. तिने एक वाटी उचलली, त्यावरचा पलंगाचा नंबर वाचला, आणि पेशंटकडे गेली. तिचे पेशंट खोळंबले होते.

घरी आले तेव्हा हे गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. "भेटली? काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"रागात असेल अजून. थोडे दिवस जाऊ देत, मग आपोआप..."

माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. गडबडीत होती, वॉर्डात माणसं होती, धड बोलता आलं नाही, दमलेली दिसली. एकाहून एक चांगली वाक्यं.

"अहो," मी म्हटलं, "ती नाही म्हणाली."

नळ सुरू होता, ह्यांना ऐकू गेलं नसावं. मी परत एकदा सांगितलं.